मगरीचे अश्रू आणि सिंहाचा वाटा

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. जाणकार गिऱ्हाईक घोड्याची चाल बघतं, रंग बघतं, अंगावरचे भोवरे बघतं आणि सौदा ठरण्याआधी एकदा तरी त्याचे ओठ वर करून दात बघतं. विकणारा वय काहीही सांगो, दात लपवता येत नाहीत. घोड्याचे दुधाचे दात पडून पुढचे सगळे कायमचे दात यायला साधारण पाच वर्षं लागतात. त्यानंतर दातांची झीज, आकार आणि तिरपेपणा यांवरून वयाचा अंदाज बांधतात. बैलांच्या व्यवहारातही हेच. आदत, दुसा, चौसा, जुळलेला ही सगळी दातांचीच भाषा आहे.

इंग्लंडच्या घोडेबाजारांतही शेकडो वर्षं हीच पारख चालत आली आणि घोड्याच्या तोंडाशी जोडलेले तीन वाक्प्रचार इंग्रजीत रूढ झाले. उतारवयात घोड्याचे दात लांब आणि पुढे झुकलेले दिसतात, म्हणून वय झालेल्या माणसाला इंग्रज ‘लांब दातांचा’ म्हणतो. भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून बघू नये, ही दुसरी म्हण. ती फार जुनी आहे. इसवी सन ४००च्या आसपास संत जेरोम यांनी लॅटिनमध्ये तिचा उल्लेख केला तोही ‘लोक म्हणतात तसं’ अशा सुरात, म्हणजे तेव्हाच ती लोकांच्या तोंडी रुळलेली होती. जॉन हेवूड यांनी १५४६ साली इंग्रजी म्हणींचा संग्रह छापला, त्यातही ती आहे. दानात मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असं मराठी माणूस म्हणतो. या म्हणी कुणी कुणाकडून उसन्या घेतल्या असतीलच असं नाही. जनावराचं वय जिथे दातांवरून ठरतं, तिथे ही म्हण आपसूक सुचते.

तिसरा वाक्प्रचार मात्र बराच नवा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या रेसकोर्सवर कोणता घोडा जिंकणार याच्या खबरा विकणारे लोक फिरत. कुणी म्हणे, खबर मोतद्दाराकडून आली. कुणी म्हणे, जॉकीकडून. त्याहून आतली खबर एकच असू शकते, खुद्द घोड्याने सांगितलेली. म्हणून ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याच्याकडूनच ऐकलेली बातमी म्हणजे ‘थेट घोड्याच्या तोंडून’ ऐकलेली बातमी.

शाळेत असे वाक्प्रचार यादीने पाठ करून घेतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अर्थ. परीक्षेपुरतं ते भागतं आणि पुढे विसरलं जातं, कारण अर्थ हाती येतो पण घोडा, त्याचे दात आणि तो बाजार दिसत नाही. प्राण्यांवरच्या प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचारामागे एखादा धंदा, एखादी समजूत किंवा एखादी गोष्ट उभी असते. ती एकदा कळली की अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही. मराठी वाचकाला तर हे कळण्याचं आणखी एक कारण आहे. यांतले कितीतरी वाक्प्रचार मराठी वेश करून रोजच्या वृत्तपत्रांत वावरत आहेत, आणि वेश बदलताना काहींचा स्वभावही बदलला आहे.

‘घोडेबाजार’ हाच शब्द घ्यावा. इंग्रजीत ‘हॉर्स ट्रेडिंग’ म्हणजे घोड्याच्या व्यापाऱ्यासारखी चतुर, चिवट घासाघीस. राजकारणात तो देवाणघेवाणीसाठी वापरतात : तू माझ्या विधेयकाला मत दे, मी तुझ्या विधेयकाला देतो. सौदा करणारी दोन्ही माणसं आणि सौद्याची वस्तू वेगळी. भारतात आल्यावर या शब्दाला आमदार-खासदार फोडण्याचा अर्थ चिकटला. १९८५ साली ५२वी घटनादुरुस्ती होऊन पक्षांतरबंदीचा कायदा आला, तरी बहुमताच्या चाचणीआधी ‘आमदारांचा घोडेबाजार’ हा मथळा वृत्तपत्रांतून गेला नाही. इंग्रजीत लोकप्रतिनिधी हा व्यापारी होता. मराठीत तो घोड्याच्या जागी उभा आहे. शब्द तोच राहिला, पण आरोप कितीतरी पटींनी गंभीर झाला.

‘डार्क हॉर्स’ची गोष्ट नेमकी उलटी. ज्याच्याविषयी रेसकोर्सवर कुणाला काही माहीत नाही असा घोडा अचानक जिंकतो, तो डार्क हॉर्स. बेंजामिन डिझरायली यांच्या १८३१च्या कादंबरीत तो सापडतो. अमेरिकेत १८४४ साली फारसे चर्चेत नसलेले जेम्स पोक आधी उमेदवार आणि मग राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा तो राजकारणात पक्का बसला. मराठीने त्याचं भाषांतर केलंच नाही, कारण ‘छुपा रुस्तम’ हाताशी होता. ही निवड फार समंजस वाटते.

आता मगरीकडे वळू. नक्राश्रू हा शब्द ऐकताना एखाद्या संस्कृत सुभाषितातून आल्यासारखा भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात तो युरोपातल्या ‘क्रोकोडाइल टिअर्स’ला चढवलेला संस्कृत पेहराव आहे. पंचतंत्रातला मगर माकडाला फसवून पाठीवर बसवतो आणि भर पाण्यात नेतो, पण तिथे फसवणूक होते ती घरच्या पाहुणचाराच्या आमंत्रणाने. मगर भक्ष्य खाताना रडते ही समजूत मध्ययुगीन युरोपातली. चौदाव्या शतकात जॉन मँडेव्हिल या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनाने ती घरोघरी पोचवली. पुढे शेक्सपिअर यांच्या ‘ऑथेल्लो’त बायकोच्या अश्रूंवर अविश्वास दाखवताना नायक मगरीचाच दाखला देतो.

पण मगर खरंच रडते का? अमेरिकेतले माल्कम शेनर आणि केंट व्हलिएट या दोघांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. शेनर हे मेंदूविकारांचे डॉक्टर, व्हलिएट प्राणिशास्त्रज्ञ. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन इथल्या एका मगरपालन केंद्रात त्यांनी मगरीच्या कुळातल्या सात प्राण्यांना पाण्याबाहेर, कोरड्या जमिनीवर खाऊ घातलं आणि त्यांच्या डोळ्यांचं चित्रण केलं. सातांपैकी पाचांच्या डोळ्यांत खाताना पाणी आलं, काहींच्या तर फेस आणि बुडबुडे आले. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाताना हे प्राणी फुसफुसतात, नाकामागच्या पोकळ्यांतून हवा जोरात जाते आणि त्या दाबाने अश्रू बाहेर ढकलले जात असावेत, असा त्यांचा तर्क आहे. म्हणजे जुन्या प्रवाशांपैकी कुणीतरी खरंच काही पाहिलं असावं. पाणी खरं होतं, पश्चात्ताप माणसाने जोडला.

या विषयात शेनर यांच्यासारखा डॉक्टर शिरला, त्यालाही कारण आहे. चेहऱ्याचा अर्धांगवायू होऊन गेल्यावर काही रुग्णांच्या डोळ्यांतून जेवताना पाणी वाहू लागतं. लाळग्रंथीकडे जाणारे मज्जातंतू पुन्हा वाढताना वाट चुकतात आणि अश्रुग्रंथीला जाऊन मिळतात. घास तोंडात गेला की लाळेऐवजी अश्रू येतात. १९२०च्या दशकात बोगोराड या रशियन डॉक्टरांनी या विकाराचं वर्णन केलं आणि वैद्यकात त्याला ‘मगरीचे अश्रू’ हेच नाव पडलं. त्या रुग्णाच्या अश्रूंत ढोंगाचा लवलेश नसतो. घरच्यांना आणि त्यालाही हे समजावून सांगण्याची गरज असते, म्हणून हे नाव थोडं दुर्दैवीच म्हणावं लागेल.

शहामृगाच्या वाट्याला मात्र निव्वळ अन्याय आला. संकट दिसताच तो वाळूत डोकं खुपसतो, यावरून ‘शहामृगी वृत्ती’ हा शब्द मराठीतही रुजला. रोमन लेखक प्लिनी यांनी पहिल्या शतकात लिहिलं होतं ते झुडपाबद्दल : डोकं आणि मान झुडपात घातली की सगळं अंग लपलं असं या पक्ष्याला वाटतं. वाळू नंतर आली. शहामृग जमिनीतल्या खोलगट घरट्यात अंडी घालतो आणि ती चोचीने फिरवायला मान खाली घालतो. धोका दिसला की मान जमिनीलगत सपाट करून निश्चल बसतो. लांबून डोकं दिसत नाही, एवढंच.

काही वाक्प्रचार थेट गोष्टींतून आले. इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या जाऊन दोनशेहून अधिक वर्षं झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात त्या मराठीत निघाल्या. पुढे मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी शाळकरी मुलांसाठी त्यांचं भाषांतर केलं. ‘लांडगा आला रे आला’ हे आज इतकं मराठी झालं आहे की ते बाहेरून आलं असेल अशी शंकाही येत नाही. ‘सिंहाचा वाटा’ही इसापच्याच घरचा. त्या गोष्टीत गाढव शिकारीचे सारखे वाटे करतं आणि सिंह त्याला फाडून खातो. मग कोल्हा जवळपास सगळंच सिंहापुढे ठेवतो. हे वाटप कुणी शिकवलं, असं सिंहाने विचारल्यावर कोल्हा मेलेल्या गाढवाकडे बोट दाखवतो. फेड्रस या रोमन कवीने सांगितलेल्या रूपात सिंह शिकारीचे चार वाटे करतो आणि चारही स्वतःच घेतो.

तेव्हा सिंहाचा वाटा म्हणजे मुळात दांडगाईने लाटलेला वाटा. रोमन कायद्याने तो शब्दशः उचलला. ज्या भागीदारीत एकाला फक्त नफा आणि दुसऱ्याला फक्त तोटा, तिला रोमन कायदेपंडित ‘सिंहाची भागीदारी’ म्हणत आणि ती रद्द ठरवत. इंग्रजीत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अर्थ निवळत गेला. सगळ्याऐवजी सर्वांत मोठा वाटा एवढंच उरलं. मराठीत त्याने आणखी एक वळण घेतलं. ‘संघाच्या विजयात कर्णधाराचा सिंहाचा वाटा होता’, ‘शाळा उभी करण्यात गावातल्या महिलांनी सिंहाचा वाटा उचलला’, अशी वाक्यं रोज छापून येतात. ‘वाटा घेणे’ मागे पडलं आणि ‘वाटा उचलणे’ पुढे आलं. हिसकावणारा सिंह कष्ट करणारा झाला. ही चूक मानायचं कारण नाही. मराठीत सिंह म्हटला की शौर्य आठवतं, सिंहगड आठवतो. लुटारू सिंह या भाषेला मानवला नाही आणि तिने त्याला आपल्या चालीवर आणलं.

‘स्केपगोट’साठी मराठी वृत्तपत्रं ‘बळीचा बकरा’ लिहितात, तिथे मात्र थोडं थांबायला हवं. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय नावाच्या पुस्तकात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी दिला आहे. दोन बोकड आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून पुरोहिताने साऱ्या लोकांची पापं कबूल करायची आणि मग त्याला जिवंतच रानात सोडून द्यायचं. विल्यम टिंडेल यांनी १५३० साली इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा या दुसऱ्या बोकडासाठी त्यांनी नवा शब्द घडवला. त्याचा अक्षरार्थ ‘निसटलेला बोकड’. म्हणजे इंग्रजी शब्दातला बोकड हा नेमका बळी न गेलेला आहे आणि मराठीतला बळी गेलेला. अर्थात नंतरच्या काळात यरुशलेमबाहेर नेऊन या दुसऱ्या बोकडालाही कड्यावरून ढकलून देत, असं ज्यूंच्या धर्मग्रंथांत नोंदलेलं आहे. सुटका नावापुरतीच राहिली. टिंडेल यांचं स्वतःचं काय झालं हेही सांगायला हवं : बायबल सामान्यांच्या भाषेत आणल्याबद्दल त्यांच्यावर पाखंडाचा खटला चालला आणि १५३६ साली गळा आवळून मारून त्यांचा देह जाळण्यात आला.

दुसऱ्याची पापं डोक्यावर घेऊन शिवेबाहेर जाणारा, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या हद्दीबाहेर नेऊन सोडत. पण दोष दुसऱ्याचा आणि शिक्षा भलत्याला, या अर्थाने ‘बळीचा बकरा’ आज पक्का झाला आहे आणि तो नेमका लागू पडतो.

काही वाक्प्रचारांच्या जन्मकथा इतक्या चटकदार असतात की त्या तपासाव्याशा वाटत नाहीत. ‘मांजरं-कुत्री पडणारा पाऊस’ हे त्याचं ठळक उदाहरण. पूर्वी इंग्लंडमध्ये गवताने शाकारलेल्या छपरांत मांजरं-कुत्री झोपत, जोराच्या पावसात ती घसरून खाली पडत, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. १९९९ साली फिरलेल्या एका निनावी ईमेलने ती जगभर पसरवली. भर पावसात कुत्रं छपराच्या आत सोडून वर कशाला बसेल, एवढाही विचार त्यात नाही. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजी लेखनात अशा पावसाचे उल्लेख आढळतात, आणि १७३८ साली जोनाथन स्विफ्ट यांनी आजच्या रूपात तो वापरला. याच स्विफ्ट यांनी १७१० साली लंडनच्या पावसावर कविता लिहिली होती. तुंबलेल्या गटारांतून मेलेली मांजरं आणि बुडालेली पिल्लं वाहत जातात, असं दृश्य तिच्यात आहे. वाक्प्रचाराचं मूळ तिथेच आहे असं सिद्ध होत नाही, पण छपरापेक्षा हे दृश्य खऱ्या लंडनच्या जवळचं आहे. मराठीचा मुसळधार पाऊस त्याहून सरळ आहे : मुसळाएवढी जाड धार.

पांढऱ्या हत्तीचीही तशीच गत. सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा नावडत्या दरबाऱ्याला पांढरा हत्ती भेट देई, तो कामाला लावता येत नसे, टाकताही येत नसे, आणि त्याला पोसता पोसता दरबारी भिकेला लागे, अशी ही कथा. पण सयाममध्ये पांढरा हत्ती हे राजवैभवाचं पवित्र चिन्ह होतं आणि तो राजाकडेच असायचा. १५६३ साली ब्रह्मदेशातल्या पेगूचा राजा बयिन्नौंग याने सयाममधल्या अयुथ्येच्या राजाकडे दोन पांढरे हत्ती मागितले; त्याने नकार दिला आणि त्यावरून युद्ध पेटलं. ज्याच्यासाठी राज्यं लढली, तो हत्ती शिक्षा म्हणून वाटला जात होता, हे पटणं कठीण आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने ही कथा उचलली. ‘पांढरा हत्ती पोसणे’ मराठीत आलं आणि तोट्यातल्या सरकारी प्रकल्पांना कायमचं चिकटलं.

या साऱ्यांत सर्वांत मोठा धडा देतो तो एक मासा. ‘रेड हेरिंग’ नावाचा मासा समुद्रात नसतो. हेरिंग भरपूर खारवून, कित्येक दिवस धुरी दिली की त्याचं मांस तांबूस होतं आणि त्याला उग्र वास सुटतो. सुक्या बोंबलाच्या वासाशी परिचय असलेल्या कोकणातल्या वाचकाला तो वेगळा समजवायला नको. रहस्यकथेत वाचकाला चुकीच्या संशयितामागे धाडणारा खोटा धागा म्हणजे रेड हेरिंग. शिकारी कुत्र्यांना वास धरून राहायला शिकवताना वाटेत हा मासा ओढत नेत, असं त्याचं मूळ वर्षानुवर्षं कोशांत सांगितलं जात होतं. जुनी पुस्तकं पुन्हा तपासल्यावर दिसलं की तिथे चर्चा घोड्यांची होती. कुत्र्यांच्या धावत्या घोळक्यामागे जायची घोड्याला सवय लागावी म्हणून वासाची वस्तू ओढत नेत. वाट चुकवण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

वाट चुकवणारा मासा आणला विल्यम कॉबेट या पत्रकाराने. संसदेतल्या चर्चा छापण्याचा जो उपक्रम पुढे ‘हॅन्सार्ड’ म्हणून ओळखला गेला, तो त्यांनीच सुरू केला होता. आपल्या नियतकालिकाच्या १४ फेब्रुवारी १८०७च्या अंकात त्यांनी एक आठवण सांगितली : लहानपणी सशामागे लागलेल्या कुत्र्यांना भुलवायला आपण धुरी दिलेला हेरिंग ओढत नेला होता. नेपोलियनचा पराभव झाल्याची खोटी बातमी नुकतीच छापून आली होती आणि तिच्या नादात इंग्रजी वृत्तपत्रांनी देशातले प्रश्न वाऱ्यावर सोडले, हा त्यांचा राग होता. तेव्हा रेड हेरिंग जन्मला तो वृत्तपत्रांवर टीका करण्यासाठी. लोकांचं लक्ष भलतीकडे वळवणाऱ्या बातम्यांसाठी आजही याहून नेमका शब्द इंग्रजीत नाही.

शेअर बाजारातलं अस्वल असंच कागदोपत्री सापडतं. अस्वल मारण्याआधी त्याचं कातडं विकू नये, अशी जुनी इंग्रजी म्हण होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हातात नसलेले शेअर आधी विकून, भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन देणाऱ्यांना कातडं विकणारे म्हणू लागले. १७२०च्या साउथ सी घोटाळ्यात ते नाव सर्वतोमुखी झालं. बैल त्याचा जोडीदार म्हणून मागाहून आला. बैल शिंगं वर उडवतो आणि अस्वल पंजा खाली मारतं, हे स्पष्टीकरण नंतर बसवलेलं आहे. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही मराठी म्हण अस्वलाच्या कातड्याशी तंतोतंत जुळते. दलाल स्ट्रीटवर मुंबई शेअर बाजाराच्या दाराशी उभा असलेला ब्राँझचा बैल सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवला आहे. तो लंडनच्या भाषेतून आला, तरी हात सोलापूरचे आहेत.

सगळेच वाक्प्रचार असे रुजत नाहीत. ‘कोळशाच्या खाणीतला कॅनरी’ हा अलीकडे हवामानबदलावरच्या मराठी लेखांत दिसतो आणि वाचक अडखळतो. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने खाणीतल्या स्फोटांनंतर कामगार कार्बन मोनॉक्साइडने मरतात हे दाखवून दिलं आणि लहान प्राणी-पक्षी सोबत न्यायचा सल्ला दिला. छोट्या पक्ष्याचा श्वासोच्छ्वास जलद, त्यामुळे माणसाच्या आधी तो कोलमडतो. ब्रिटनच्या खाणींत १९११पासून कॅनरी ठेवू लागले. काही पिंजऱ्यांना प्राणवायूची छोटी नळकांडी जोडलेली असत. पक्षी पडला की दार बंद करून त्याला शुद्धीवर आणत. १९८६ साली यंत्रं आली आणि उरलेल्या दोनशेच्या आसपास कॅनरींना रजा मिळाली. ज्या वाचकाला हा पिंजरा ठाऊक नाही त्याच्यासाठी ‘धोक्याची पहिली खूण’ हे साधे शब्दच बरे.

१८०७, १७३८, १५३० ही सालं आज इतक्या खात्रीने सांगता येतात, कारण ती कुणीतरी नोंदवून ठेवली. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने एका मोठ्या कोशाचं काम हाती घेतलं. हजारो वाचकांनी जुनी पुस्तकं वाचून, प्रत्येक शब्दाचं वाक्य, साल आणि पान चिठ्ठीवर उतरवून पाठवलं. त्या चिठ्ठ्यांतून १९२८ साली ऑक्सफर्डचा कोश पुरा झाला. मराठीत य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाच्या पाठोपाठ १९४०च्या दशकात महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश सिद्ध केला. हे काम अजूनही आधाराला आहे. पण ‘नक्राश्रू’ मराठीत प्रथम कुणी लिहिलं, सिंहाचा वाटा ‘घेण्या’कडून ‘उचलण्या’कडे कोणत्या दशकात वळला, घोडेबाजारात पहिला आमदार कधी उभा राहिला, याची उत्तरं ग्रंथालयांतल्या ‘दर्पण’, ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘केसरी’च्या जुन्या फायलींत पडून आहेत. त्या चाळताना यांतला एखादा प्राणी भेटला, तर वाचकाने वाक्य, तारीख आणि पान तेवढं टिपून ठेवावं.